ढोलकी तुमची, पडद्यावर हात दुसऱ्याचे

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातला ढोलकीवादक आहे. पुण्यातल्या एका स्टुडिओत एका लावणीसाठी ढोलकी वाजवली. सुरुवातीचा सव्वा मिनिटाचा तुकडा नुसत्या ढोलकीचा आहे. पाच हजार रुपये यूपीआयने मिळाले आणि व्हाउचरवर सही घेतली. त्यावर ‘पूर्ण मानधन मिळाले’ एवढंच लिहिलंय, करार नाही. आता यूट्यूबवर व्हिडिओ आलाय. त्यात माझ्या जागी एक मॉडेल ढोलकी वाजवताना दिसतो. त्याचे हात भलतीकडेच पडतात, आणि खाली वर्णनात ‘ढोलकी’पुढे त्याचंच नाव आहे. शिवाय तोच तुकडा निर्मात्याने दुसऱ्या एका गाण्यात वापरलाय. निर्माता म्हणतो, पैसे दिले, विषय संपला. वर मागची तारीख टाकलेलं एक संमतिपत्र सहीसाठी पाठवलंय. व्हिडिओ काढून टाकायला लावता येईल का?

उत्तर : त्या संमतिपत्रावर सही करू नका. निर्मात्याशी पुढचा शब्द बोलण्याआधी पुरावाही ताब्यात घ्या. यूट्यूबवरचं वर्णन अर्ध्या मिनिटात बदलता येतं. एकदा ते बदललं की तिथे आधी कुणाचं नाव होतं हे सिद्ध करण्याचं काम तुमच्यावर येतं.

तुमच्या पत्रात तीन तक्रारी एकत्र आल्या आहेत : चेहरा दुसऱ्याचा, नाव दुसऱ्याचं आणि तुकडा दुसऱ्या गाण्यात. कायद्याच्या नजरेत तिन्हींचं वजन वेगळं आहे. सगळ्या एका दमात मांडल्या तर कच्ची तक्रार पक्क्या तक्रारींनाही खाली ओढते.

चेहऱ्याची तक्रार सगळ्यात कच्ची आहे. वाजवणारा एक आणि पडद्यावर दिसणारा दुसरा, ही पद्धत आपल्या चित्रपटसृष्टीत पार्श्वगायनाइतकी जुनी आहे आणि ती बेकायदा नाही. ‘पडद्यावर मीच दिसेन’ असं लेखी ठरलेलं नसेल तर निर्मात्याला मॉडेल घेता येतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८-बी मधल्या खंड (बी) नुसार सादरीकरणाची मोडतोड किंवा विकृती होऊन कलावंताच्या लौकिकाला धक्का बसत असेल तर त्याला मनाई किंवा भरपाई मागता येते. पण तुमच्या वादनात काही बदललेलं नाही, त्याला चित्र तेवढं वेगळं जोडलंय. कालावधीत बसवण्यासाठी केलेली काटछाट लौकिकाला बाधक धरायची नाही, असंही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. म्हणून व्हिडिओ उतरवण्याची मागणी न्यायालयात टिकणं अवघड आहे. तुमची शक्ती तिथे खर्च करू नये असं माझं मत आहे.

नावाचं मात्र तसं नाही. कलम ३८-बी च्या खंड (ए) नुसार आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कलावंताला आहे, आणि बाकीचे हक्क विकून टाकले तरी तो उरतो. अपवाद एकच : वापराच्या पद्धतीमुळेच नाव वगळणं भाग पडत असेल तर. काही सेकंदांच्या जाहिरातीत हा बचाव चालू शकेल. ज्या व्हिडिओच्या वर्णनात नावांची यादी दिली आहे, तिथे तो कसा चालणार?

हा हक्क आपल्याकडे उशिरा आला. १९७० च्या दशकाअखेर मुंबई उच्च न्यायालयाने देव आनंद यांच्या प्रकरणात अभिनेत्याला चित्रपटातल्या आपल्या कामावर कॉपीराइट नसल्याचा निर्णय दिला होता. सादरकर्त्यांचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आले आणि नावाचा व लौकिकाचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने. त्याआधीच, २००६ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने गायिका नेहा भसीन यांच्या दाव्यात स्टुडिओतलं गाणंसुद्धा प्रत्यक्ष सादरीकरणच असल्याचं स्पष्ट केलं. मुख्य आवाज त्यांचा असताना श्रेय मात्र साथीच्या गायिकेचं दिलं, हीच तिथे तक्रार होती. त्यामुळे ‘स्टुडिओत वाजवलं, मंचावर नाही’ हा युक्तिवाद तुमच्याविरुद्ध चालणार नाही.

निर्मात्याचा वकील बहुधा वेगळ्या वाटेने येईल. कायद्यात म्युझिक व्हिडिओ हाही चित्रपटच धरला जातो. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि ज्याचं नाव द्यायची त्या धंद्यात रीत नाही, त्याला खंड (बी) सोडून बाकी बाबतीत सादरकर्ता मानत नाहीत. ‘साथीदारांची नावं कोण देतं?’ हा प्रश्न इथूनच निघतो. पण यात दोन अटी आहेत आणि दोन्ही पूर्ण व्हाव्या लागतात. सव्वा मिनिट एकट्या ढोलकीचा तुकडा किरकोळ नाही. आणि ‘ढोलकी’पुढे मॉडेलचं नाव लिहून, वादकाचं नाव देण्याची रीत आपल्याकडे आहे हे निर्मात्याने स्वतःच कबूल केलंय. तुमच्या बाजूचा सगळ्यात मोलाचा पुरावा ती ओळ आहे. म्हणूनच ती आधी टिपून ठेवायची.

दुसऱ्या गाण्यात तुकडा वापरला, ही तक्रार पैशाच्या दृष्टीने सगळ्यात भक्कम आहे. कलम ३८-ए नुसार सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण करणं, प्रती काढणं आणि ते लोकांपर्यंत पोचवणं हा सादरकर्त्याचा हक्क आहे. लेखी कराराने संमती दिली तर निर्मात्याच्या वापराला हरकत घेता येत नाही, पण तीही ‘त्याच चित्रपटा’पुरती. तुमच्याकडे लेखी करारच नाही. व्हाउचर ही पैसे मिळाल्याची पावती आहे. हक्क हस्तांतरित करायचे तर कलम १९ प्रमाणे (सादरकर्त्यांना ते कलम ३९-ए मुळे लागू होतं) सही केलेला लेख लागतो आणि त्यात कोणतं काम, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि मोबदला किती हे यावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. यातलं काहीही व्हाउचरवर नाही. मागची तारीख टाकलेला कागद निर्मात्याला का हवाय, ते यावरून कळेल. मूळ लावणीपुरती मात्र तुमची तोंडी संमती होती हे न्यायालय मान्य करील, कारण तुम्ही स्वतः जाऊन वाजवलंत आणि पैसे घेतलेत. ती नाकारू नका.

आता पुरावा. दोन्ही व्हिडिओंचं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. त्यात लिंक, चॅनेलचं नाव, प्रसिद्धीची तारीख, पाहणाऱ्यांचा आकडा आणि पूर्ण उघडलेलं वर्णन दिसलं पाहिजे. फोनवरची तारीख-वेळही त्यात येऊ द्या. रेकॉर्डिंगचं बोलावणं आलेला व्हॉट्सॲप संवाद निर्यात करून ठेवा आणि मूळ फोन विकू किंवा रीसेट करू नका. यूपीआयची नोंद बँकेच्या उताऱ्यासह घ्या, स्टुडिओतले फोटो असतील तर मूळ फाइलसह. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचा भाग ‘ए’ तुम्ही भरायचा आणि भाग ‘बी’ तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलची ओळख पटवणारी आकडे-अक्षरांची ओळ, फाइल जराही बदलली की तीही बदलते) लिहायचं असतं, म्हणून फाइल हातात आली त्याच दिवशी ते काढून घ्या. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली व्हिडिओची प्रत दाबली जाते आणि तिचं हॅश बदलतं, तेव्हा मूळ फाइल पेनड्राइव्हवरच न्या.

तुकडा तुमचाच आहे हे दाखवायला कानापेक्षा लहरींचा आलेख उपयोगी पडतो. क्लिकवर (कानात वाजणाऱ्या तालाच्या टकटकीवर) वाजवलं तरी माणसाची प्रत्येक थाप काही मिलिसेकंद पुढेमागे पडते, आणि तोच वादक पुन्हा वाजवतो तेव्हा ते अंतर तसंच्या तसं येत नाही. दोन्ही गाण्यांतल्या पहिल्या चाळीस-पन्नास थापांच्या वेळा मोजून अंतरं जुळवा. जुळली तर ते एकच ध्वनिमुद्रण आहे. लय बदलून वापरलं असेल तर अंतरांचं आपसातलं प्रमाण जुळेल. स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाकडे ढोलकीचे सुटे ट्रॅक आणि सेशनची फाइल असते. ती जपून ठेवा, पुसू नका, असं त्याला साध्या ईमेलने कळवा. फाइल मागू नका, कारण ती निर्मात्याची मालमत्ता असू शकते आणि तो ध्वनिमुद्रक विनाकारण अडचणीत येईल. गरज पडली तर न्यायालयामार्फत मागवता येते.

मॉडेलवर समाजमाध्यमांत आरोप करू नका. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं असेल, आणि ‘चोर’ वगैरे लिहिलंत तर बदनामीचा दावा उलट तुमच्यावर येईल. त्याच्याशी नीट बोलून, ‘मी पडद्यावर अभिनय केला, ढोलकी वाजवलेली नाही’ एवढं लेखी मिळालं तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

यूट्यूबवर कॉपीराइट स्ट्राइक (कॉपीराइटच्या नावाने व्हिडिओ उतरवायला लावणारी तक्रार) टाकण्याचा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. टाकू नका. तो अर्ज कॉपीराइटच्या मालकासाठी आहे. ध्वनिमुद्रणाचा मालक सामान्यतः निर्माता असतो. तुमचा हक्क सादरकर्त्याचा आहे, आणि तो वेगळा. खोट्या मालकीची घोषणा केलीत तर तुमची बाजू लंगडी होते. ‘इतर कायदेशीर तक्रार’ असा वेगळा मार्ग तिथे आहे, तो नोटिशीनंतर वापरा.

नोटीस वकिलामार्फत, स्पीड पोस्टने पोचपावतीसह आणि ईमेलनेही पाठवा. मुदत पंधरा दिवसांची द्या. मागण्या अशा ठेवा की निर्मात्याला पूर्ण करता येतील. यूट्यूबवर चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलता येत नाही. नवा चढवला तर पाहणाऱ्यांचा आकडा शून्यापासून सुरू होतो, म्हणून ‘व्हिडिओत नाव घाला’ म्हटलं की निर्माता अडून बसतो. त्याऐवजी वर्णनात दोन स्वतंत्र ओळी मागा : ‘ढोलकीवादन’ आणि पुढे तुमचं नाव, ‘पडद्यावर’ आणि पुढे मॉडेलचं. तीच माहिती चॅनेलच्या पिन केलेल्या कॉमेंटमध्ये, वितरकामार्फत गाण्याच्या ॲपवरच्या श्रेयनामावलीत, आणि पुढे व्हिडिओ दूरचित्रवाणी वाहिनीला दिला किंवा त्याची नवी आवृत्ती काढली तर प्रत्यक्ष चित्रावर. दोन ओळींचा आग्रह धरा. नुसतं तुमचं नाव आलं तर ते चुकीचे हात तुमचेच, असं लोक समजतील. अमेरिकेत १९९० च्या दशकात मार्था वॉश या गायिकेच्या वादात हाच तोडगा निघाला होता. आवाज त्यांचा, व्हिडिओत ओठ हलवणारी दुसरी. तडजोडीनंतर गायन कुणाचं आणि पडद्यावर कोण, हे व्हिडिओवर वेगवेगळं सांगण्यात आलं.

दुसऱ्या गाण्यासाठी वेगळं मानधन आणि भरपाई मागा, ती न दिल्यास तुकडा काढण्याची मागणी करा. तो तुकडा नव्याने वाजवून घ्यायला निर्मात्याला जो खर्च आला असता, त्याच्या खाली येऊ नका. यूट्यूबच्या उत्पन्नातून मोठी रक्कम हाती येईल या आशेवर मात्र राहू नका. व्यावसायिक वापरावरचं स्वामित्वधन कायद्यात आहे आणि ते गोळा करण्यासाठी गायक-वादकांची ‘इसाम्रा’ (पूर्वीची ‘इस्रा’) ही संस्थाही आहे. सभासदत्व घ्या, कारण पुढच्या कामांसाठी ते उपयोगी पडेल.

तडजोड झाली तर निर्मात्याचा कागद बाजूला ठेवून तुमचा कागद पुढे करा, आजच्या तारखेचा. गाण्याचं नाव, ध्वनिमुद्रणाचा दिवस, फक्त या गाण्यासाठी व या व्हिडिओसाठी परवानगी, श्रेयाच्या दोन ओळींचा नेमका मजकूर, आणि सुटे ट्रॅक दुसऱ्या गाण्यात, सॅम्पलच्या संचात किंवा एआयच्या प्रशिक्षणात वापरायचे नाहीत ही अट. ‘सर्व हक्क, कायमचे, जगभर’ आणि ‘नैतिक हक्क (म्हणजे नावाचा व लौकिकाचा हक्क) सोडले’ असे शब्द दिसले तर ते खोडून तिथे दोघांनी सह्या करा.

नोटिशीला उत्तर आलं नाही तर कलम ६२ प्रमाणे दावा जिल्हा न्यायालयात लागतो, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तो लावायची सोय आहे. म्हणजे पुणे. दाव्याची रक्कम तीन लाख किंवा जास्त असेल तर तो वाणिज्यिक दावा होतो. तेव्हा तातडीचा मनाईहुकूम मागायचा नसेल तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही पायरी बंधनकारक ठरवली आहे. खोटी तातडी दाखवून ती टाळू नका. अशा प्रकरणात मध्यस्थीतच नाव लवकर लागतं. फौजदारीची तरतूद कलम ६३ मध्ये आहे, पण तिथे जाणूनबुजून केलेलं उल्लंघन दाखवावं लागतं आणि तक्रार दाखल झाली की तडजोड अवघड होते. नुकसानभरपाईच्या दाव्याला मुदत उल्लंघनापासून तीन वर्षांची आहे. दोन्ही व्हिडिओंच्या प्रसिद्धीच्या तारखा वेगळ्या असतील, तेव्हा आधीच्या तारखेपासून मोजा.