सगळेच न मोजता आकडे टाकतात, मी एकटा काय करणार?

आपण नीट वागायचं ठरवलं तरी बरोबरचे लोक वागत नसतील तर त्यांना सांगायचं कसं, आणि सांगितलं की आपणच वाईट ठरतो त्याचं काय, हा प्रश्न घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात. त्यातली एक केस सांगते, माणूस ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत.

भोसरीकडे गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला असलेला मुलगा. दर तासाला ठराविक पीस मायक्रोमीटरने (बारीक मापं घ्यायचं उपकरण) मोजून रीडिंग शीटवर लिहायचे, पण सेकंड शिफ्टला शेवटच्या अर्ध्या तासात सगळे मिळून अख्खी शीट भरून टाकायचे, न मोजताच, टॉलरन्सच्या, म्हणजे मापात जेवढा फरक चालतो त्याच्या, मधोमध बसतील असे आकडे. याने टोकलं तर "आले हरिश्चंद्र" म्हणून टिंगल, चहाला कोणी बोलवेना. झोप गेली, घरी चिडचिड, शेवटी बायको घेऊन आली.

त्याचं एकच, "मॅडम, एचआरला मेल टाकू की नोकरी सोडू?" मधे काही असू शकतं हे डोक्यातच नाही!

मी विचारलं, टिंगल चालू असताना हसत कोण नाही? बराच वेळ विचार करून म्हणाला, एक सिनियर काका आहेत, ते गप्प असतात. मग त्याला मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲशचा १९५० च्या दशकातला प्रयोग सांगितला. रेघांची लांबी ओळखायची, उत्तर डोळ्यासमोर, पण आधी गटातल्या बाकी सगळ्यांनी ठरवून चुकीचं सांगितलं की साधारण एक तृतीयांश वेळा माणूस पण तेच चुकीचं सांगायचा, आणि गटात एक जरी बरोबर बोलणारा असला की हे प्रमाण धाडकन खाली यायचं. म्हणजे अख्खी शिफ्ट सुधारत बसू नकोस, आधी एक माणूस जोड.

आणि "तुम्ही खोटं लिहिता" हे बंद. काकांना एवढंच विचार की मोजायला जमत का नाही. उत्तर काय आलं तर दोन लाइनला मिळून एकच मायक्रोमीटर, तोही फर्स्ट शिफ्टवाले कपाटात कुलूप लावून जातात! मला हसू पण आलं आणि राग पण. लोक चुकत होतेच, पण खरं लिहायची सोय पण कोणी ठेवली नव्हती.

दोघांनी मिळून सुपरवायझरला लेखी दिलं, कोणाचं नाव न घेता, फक्त चावी आणि अजून एक मायक्रोमीटर हवा म्हणून. तोपर्यंत याने स्वतःच्या शीटवर न मोजलेला रकाना रिकामा सोडला आणि बाजूला कारण लिहिलं. सुपरवायझर आधी भडकला, ऑडिटला काय दाखवू म्हणून, पण चावी मिळाली. नंतर अजून दोन पोरं रकाना रिकामा सोडायला लागली.

मात्र ब्रेकसारख्या पार्टचा किंवा पैसे खाण्याचा मामला असेल तर एवढ्या सबुरीने घेऊ नका, पुराव्यासकट लेखी तक्रार करा. लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपनीला २०१३ च्या कंपनी कायद्याने अशा तक्रारींची यंत्रणा ठेवावीच लागते, आणि अपवादात्मक वेळी थेट ऑडिट कमिटीच्या (संचालक मंडळाची हिशेबांवर लक्ष ठेवणारी समिती) अध्यक्षांकडे पण जाता येतं.

एक जण अजूनही आकडे टाकतोच, त्याचं काय करू म्हणून परवा फोन आला होता. म्हटलं, त्याच्या शीटवर तू सही करू नकोस, बाकी सुपरवायझर बघेल.