चिखलवाटांवर पहिला हिवाळा

नवी सायकल घ्यायचं डोक्यातून काढून टाका. आहे तिलाच जाड, खोल खाचांचे टायर घाला; पहिला हिवाळा सहज निघेल.

आधी इंग्लंडमधल्या वाटा ओळखायला शिका. पिवळा बाण म्हणजे पायवाट, तिथे सायकलला हक्क नाही. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, घोड्यांनाही खुली असलेली वाट. १९६८ च्या कायद्याने तिथे सायकलला मुभा दिली, पण चालणारे आणि घोडेस्वार आधी. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेच्या १:२५,००० नकाशावर दोन्ही हिरव्या तुटक रेषाच: आखूड तुकडे पायवाटेचे, लांब ब्रायडलवेचे. नवखे इथेच फसतात. मीही फसलो, आणि एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला अत्यंत सभ्य शब्दांत परत पाठवलं.

मागून घोडा गाठताना लांबूनच 'हॅलो' म्हणा, वेग कमी करा आणि भरपूर अंतर ठेवून पुढे जा.

साउथ डाउन्स या दक्षिण इंग्लंडमधल्या टेकड्यांचा खडूचा दगड ओला झाला की साबणाची वडी! वेग वळणाआधीच उतरवा, वळणात ब्रेक दाबलात की आडवे झालात. टायरमधली हवा थोडी कमी केली तर पकड सुधारते.

बाकी किरकोळ:
- हातमोज्यांची सुकी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत.
- फाटक जसं होतं तसंच सोडा.
- पहिल्यांदा १५ किलोमीटर पुरे. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं, दिवा हवाच.

सुरुवातीला रिजवे ही लांब पल्ल्याची वाट घ्या. ओव्हर्टन हिल ते गोरिंग हा पश्चिमेचा भाग सायकलला खुला आहे, आणि उफिंग्टनचा पांढरा घोडा, म्हणजे टेकडीच्या उतारावरची खडूची भली मोठी आकृती, वाटेलगतच लागतो.