चर्चा सोडू नकोस, क्रम बदल

प्रश्न : माझं वय २० आहे. शाळेनंतर गणित सुटलं ते सुटलंच. ऑनलाइन गटांमध्ये हवामानबदल, लसीकरण, महागाई, सरकारी कर्ज अशा विषयांवर मी रोज दोन-तीन तास वाद घालते. त्यातूनच धोरण-विश्लेषण किंवा विज्ञान पत्रकारितेत काम करावंसं वाटू लागलंय. पण अभ्यासक्रमांची चौकशी केली की बऱ्याच ठिकाणी प्राथमिक कॅल्क्युलस मागतात, आणि मी सुरुवात केली की लिमिटच्या धड्यातच अडकते. घरचे म्हणतात, त्या चर्चा बंद कर आणि अभ्यासाला बस. खरंच बंद करू का?

उत्तर : बंद करू नकोस. पण आत्ता चाललंय तसंच चालू ठेवलंस तर कॅल्क्युलस होणार नाही हेही खरं. वाद घालून झाल्यावर वही उघडली तरी डोक्यात समोरच्याला द्यायचं उत्तरच घोळत राहतं. म्हणून आधी गणित, मग चर्चा. रोज ५० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस, आणि तेवढा वेळ फोन दुसऱ्या खोलीत. या वेगाने साधारण ५ महिन्यांत विकलन (बदलाचा दर काढणं) आणि संकलन (बारीक तुकडे जोडून एकूण काढणं) यांचा पाया तयार होतो. त्यातला पहिला महिना मात्र कॅल्क्युलसचा नाहीच.

लिमिटमध्ये अडकणारे बरेच जण खरं तर बीजगणितात अडकलेले असतात. कोऱ्या कागदावर तीन गणितं करून बघ : (क्ष + ह)³ चा विस्तार कर, (क्ष² − ९)/(क्ष − ३) सोपं कर, १/(क्ष + ह) − १/क्ष हे एकाच अपूर्णांकात लिही. तिसऱ्याचं उत्तर −ह/[क्ष(क्ष + ह)] आलं पाहिजे. दहा मिनिटांत तिन्ही बरोबर आली तर पहिला महिना दोन आठवड्यांत आटप. नाही आली तर अपूर्णांक, घातांक, अवयव, आणि फंक्शनमध्ये फंक्शन घालणं एवढंच घोटून काढ. नेहमीच्या चुका ठरलेल्या आहेत. √(अ² + ब²) म्हणजे अ + ब असं धरलं जातं (३ आणि ४ घालून बघ, उत्तर ५ येतं, ७ नाही). किंवा बेरजेतलं एखादं पद वर-खाली सरळ छाटलं जातं. छाटायचा असतो तो गुणक, पद नव्हे.

आता लिमिट. व्याख्या पाठ करायच्या आधी हाताने एक तक्ता कर. क्ष² हे फंक्शन घे, क्ष = ३ पाशी उभी राहा, ह हा छोटासा बदल धर आणि [(३ + ह)² − ९]/ह काढ. ह = ०.१ असेल तर ६.१ येतं. ०.०१ ला ६.०१, ०.००१ ला ६.००१. दुसऱ्या बाजूने ह = −०.०१ घेतलंस तर ५.९९. दोन्हीकडून आकडे ६ कडे सरकतात, म्हणून लिमिट ६. मग तेच बीजगणिताने कर : विस्तार केल्यावर वर ६ह + ह² उरतं, ह ने भागलं की ६ + ह, आणि ह शून्याकडे गेला की ६. या ६ लाच क्ष = ३ पाशी क्ष² चा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, म्हणतात.

इथेच ती शंका येते : आधी ह शून्य नाही म्हणून भागलं आणि मग त्यालाच शून्य कसं धरलं? ही शंका अजिबात मठ्ठपणाची नाही. १७३४ मध्ये आयरिश तत्त्वज्ञ जॉर्ज बर्कली यांनी न्यूटनच्या पद्धतीवर नेमका हाच आक्षेप घेतला होता आणि त्याला चोख उत्तर मिळायला एकोणिसावं शतक उजाडलं. थोडक्यात उत्तर असं, की ह ला आपण शून्य धरतच नाही. ह शून्याजवळ नेत राहिलं तर पदावली कुठल्या संख्येच्या हवी तितकी जवळ जाते एवढंच विचारतो. ‘हवी तितकी जवळ’ हे काटेकोरपणे सिद्ध करायची एप्सिलॉन-डेल्टा पद्धत तुला आत्ता नको. तिच्यापायी पुढचं सगळं अडवून ठेवणं हीच घरी एकट्याने शिकणाऱ्यांची मोठी अडचण आहे.

नियम शिकताना प्रत्येक नियम मुद्दाम चुकीचा वापरून बघ. क्ष × क्ष² मध्ये दोघांचे डेरिव्हेटिव्ह काढून नुसते गुणलेस तर २क्ष येतं. खरं उत्तर ३क्ष². म्हणून गुणाकाराला वेगळा नियम आहे. (३क्ष + १)⁵ चा डेरिव्हेटिव्ह १५(३क्ष + १)⁴. आतला ३ विसरून ५ वरच थांबणं ही साखळी नियमातली (फंक्शनमध्ये फंक्शन असताना लावायच्या नियमातली) हमखास चूक. २ चा क्ष-वा घात आणि क्ष चा २ रा घात यांना एकच नियम लावता येत नाही. साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन येतो तो कोन रेडियनमध्ये असेल तरच. अंशांत मोजलंस तर π/१८०, म्हणजे सुमारे ०.०१७५ ने गुणावं लागतं. कॅल्क्युलेटर चुकीच्या मोडवर राहिल्यामुळे ‘पुस्तकातलं उत्तर चुकलंय’ असं कित्येकांना वाटतं.

संकलनाची सुरुवातही आकड्यांनीच कर. क्ष² च्या आलेखाखालचं ० ते ३ मधलं क्षेत्रफळ तीन आयतांनी मोजलं तर डाव्या टोकांनी ५ आणि उजव्या टोकांनी १४ येतं. तीस आयत घेतले तर ८.५५५ आणि ९.४५५. खरं उत्तर ९ या दोन्हींच्या मध्ये सापडतं. हे एकदा हाताने केलं की सूत्र कुठून आलं ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

चर्चा बंद करू नकोस असं म्हणण्याचं कारण आता. तू ज्या विषयांवर भांडतेस त्यातले निम्मे वाद ‘साठा’ (एकूण किती जमलंय) आणि ‘दर’ (ते किती वेगाने बदलतंय) यांची गल्लत झाल्यामुळे होतात, आणि कॅल्क्युलसच्या पहिल्या दोन प्रकरणांत तेच तर शिकवतात. सरकारी कर्ज घे. समज, कर्ज १०० आहे. यंदा तूट (उत्पन्नापेक्षा जास्त झालेला खर्च) १०, पुढच्या वर्षी ६, त्यापुढे ३. कर्ज होतं ११०, ११६, ११९. एक जण म्हणतो, तूट एक तृतीयांशाहूनही खाली आली. दुसरा म्हणतो, कर्ज विक्रमी पातळीवर गेलं. दोघंही खरं बोलतायत आणि दोघंही एकमेकांना खोटारडे म्हणतायत. तूट हा कर्जाचा (ढोबळमानाने) डेरिव्हेटिव्ह आहे. तो घटला, पण धनच राहिला.

महागाईचंही तसंच. महागाईचा दर उतरला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही, त्या सावकाश महाग होतायत. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी महागाई वाढण्याचा वेग मंदावतोय असं सांगितलं होतं. किमती हे मूळ फंक्शन, महागाई पहिला डेरिव्हेटिव्ह, तिची वाढ दुसरा, आणि त्या वाढीचं मंदावणं तिसरा. म्हणजे किमती वाढतायत, महागाईही वाढतेय, आणि तरी वाक्य दिलासा देणारं! असं विधान दिसलं की वहीत एका ओळीत लिही : मूळ राशी कोणती, एकक काय, आणि हे विधान कितव्या डेरिव्हेटिव्हबद्दल आहे.

हवामानाच्या वादात हे आणखी कामाला येतं. उत्सर्जन ‘दर वर्षी इतके टन’ असं मोजतात, हवेतलं कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्षात किती भाग असं. हवाईतल्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून मोजणी सुरू आहे. तेव्हा सुमारे ३१५ भाग होते, आता ४२० च्या वर आहेत. २०२० मध्ये जीवाश्म इंधनांचं उत्सर्जन जवळपास ५ टक्क्यांनी घटलं, तरी त्या वर्षीही प्रमाण वाढलंच. ‘बघा, उत्सर्जनाचा काही संबंधच नाही’ असं त्यावरून म्हणणारे भेटतील. दर थोडा कमी झाला म्हणून साठा कमी होत नाही, हे तू आता दोन ओळींत दाखवू शकतेस. साथीच्या काळातले आलेखही काढून बघ : आतापर्यंतच्या एकूण रुग्णांचा आलेख कधी खाली येऊच शकत नाही, रोजच्या नव्या रुग्णांचा येतो. आणि उभा अक्ष लॉगॅरिदमचा (दर टप्प्याला आकडा ठरावीक पटीने वाढणारा) असेल तर सरळ रेषा म्हणजे स्थिर टक्केवारीने होणारी वाढ.

गणिताने काय सुटत नाही, हेही तितकंच स्पष्ट ठेव. लस किती प्रमाणात संरक्षण देते हा मोजण्याचा प्रश्न आहे. ती सक्तीची असावी का, हा मूल्यांचा. दुसऱ्या प्रश्नावर पहिल्याचे आकडे फेकत राहिलं की चर्चा तिथेच फिरत राहते. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत एकदा मांड, मूळ आकडेवारी उघडून बघ, आणि एका धाग्यावर दोन उत्तरांपलीकडे जाऊ नकोस. चर्चेला दिवसाचा अर्धा तास पुष्कळ झाला. पुरावा म्हणून कोणी अहवाल पुढे केला, तर तो कोणी लिहिलाय ते आधी बघ. कॅल्क्युलस आधी कोणाला सुचलं, या न्यूटन आणि जर्मन गणिती लाइबनिट्स यांच्या वादावर १७१२ मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेच्या समितीने न्यूटनच्या बाजूने निवाडा दिला. सोसायटीचे अध्यक्ष तेव्हा स्वतः न्यूटन होते आणि अहवालाचा मसुदाही बराचसा त्यांच्याच हातचा होता.

गणितात अडलीस तर २५ मिनिटं स्वतः झगड, मग विचार. मॅथ स्टॅक एक्सचेंजसारख्या गणिताच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर नुसतं ‘हे सोडवून द्या’ म्हटलं की प्रश्न बंद होतो. पूर्ण गणित, तू केलेल्या पायऱ्या आणि नेमकी कुठली पायरी कळत नाही, एवढं लिही. कंस विसरू नकोस : १/२क्ष याचा अर्थ १/(२क्ष) की (१/२)क्ष, हे वाचणाऱ्याला कळत नाही. चॅटबॉटने दिलेलं उत्तर तपासल्याशिवाय वहीत उतरवू नकोस. ह = ०.००१ घालून वरच्या तक्त्यासारखी किंमत काढ. डेरिव्हेटिव्ह बरोबर असेल तर आकडा जवळपास जुळतो. आलेखांसाठी जिओजेब्रा किंवा डेस्मॉस पुरे.

करिअरच्या दृष्टीने एक सावधगिरी. अनेक देशांत सरकारी नोकरांच्या राजकीय मतप्रदर्शनावर बंधनं असतात, आणि खासगी संस्थाही उमेदवाराचं जाहीर लेखन चाळतात. राजकीय वाद आणि अभ्यासाचे प्रश्न वेगवेगळ्या खात्यांवर ठेव. मात्र एखादा दावा आकड्यांसह तपासून लिहिलेल्या आठ-दहा नीट टिपा खऱ्या नावाने जपून ठेव. धोरण-विश्लेषण किंवा पत्रकारितेच्या मुलाखतीत त्या दाखवता येतात.

आणि किती गणित लागेल, तर ते वाटेवर अवलंबून आहे. अर्थशास्त्राच्या मार्गे धोरणात जायचं तर एकाहून अधिक चलांचे डेरिव्हेटिव्ह आणि महत्तम-लघुतम किंमती काढणं टाळता येणार नाही. साथरोगशास्त्रात डिफरन्शियल समीकरणं (ज्यांत डेरिव्हेटिव्ह असतात अशी) लागतात. साथीचं कर्मॅक-मॅकेंड्रिक यांचं १९२७ चं प्रारूप त्यांच्यावरच उभं आहे. विज्ञान पत्रकारितेला इतकं खोल जावं लागत नाही. तिथे संकलनाची ओळख झाली की थेट संख्याशास्त्राकडे वळ, कारण रोजच्या कामात गाठ पडेल ती नमुना निवड, त्रुटीची मर्यादा आणि सहसंबंध यांच्याशी. संकलनाच्या युक्त्यांचे लांबलचक धडे, त्रिकोणमितीय आदेश (चलाच्या जागी साइन-कोसाइन घालणं) वगैरे, तुझ्या प्रवेशपरीक्षेत असतील तरच कर.