पप्पा बोलत नाहीत आणि लेकीला डॉक्युमेंट्री करायची आहे

प्रश्न : मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात तिने इराकवरची साडेपाच तासांची एक डॉक्युमेंट्री पाहिली, तेव्हापासून तिला तेच करायचंय. माझे यजमान १९९० साली कुवेतमध्ये नोकरीला होते. इराकी सैन्य घुसल्यावर सगळं तिथंच टाकून बगदाद आणि जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे परत आले. ती मोबाइल लावून त्यांना विचारत बसते, ते उठून अंगणात जातात. आम्हाला वाटतं तिने बी.एड. करावं. घरच्या गोष्टीचा सिनेमा काढून पोट भरतं का?
– एक आई, चिपळूण

ताई, पोटाचं आधी बोलते. नाही भरत. अशा सिनेमावर घर चालवणारी माणसं मी तरी पाहिलेली नाहीत. ती दुसरं काहीतरी करून जगतात आणि उरलेल्या जीवाने हे करतात.

लेकीने पाहिलेला सिनेमा अब्बास फाहदेल यांचा ‘होमलँड : इराक इयर झिरो’ असणार. मला तो एका बैठकीत झेपला नाही. फाहदेल अठराव्या वर्षी इराक सोडून फ्रान्सला सिनेमा शिकायला गेले. २००२ मध्ये, अमेरिकेशी युद्ध दाराशी आलेलं असताना परतले आणि आपल्याच नातेवाइकांत कॅमेरा घेऊन बसले. दिसतं काय, तर पाणी तुटेल म्हणून अंगणात विहीर खणणारं कुटुंब, टीव्हीपुढची पोरं, बाजार. घरातला बारा वर्षांचा हैदर पहिल्यांदा समोर येतो तेव्हाच पडद्यावर ओळ येते, की आक्रमणानंतर हा मारला जाणार आहे. मग त्याची साधी बडबडही ऐकवत नाही. हे चित्रीकरण फाहदेल यांनी दहाएक वर्षं तसंच ठेवलं. सिनेमा आला २०१५ मध्ये. लेकीला विचारा, एवढी वर्षं थांबायची तयारी आहे का?

आणि थांबायचं तर मधल्या काळात हाताला काम हवं. दुसरे इराकी दिग्दर्शक समीर (ते एवढंच नाव लावतात) १९५५ साली बगदादला जन्मले, लहानपणीच स्वित्झर्लंडला गेले. आधी अक्षरजुळणीचं काम शिकले, मग कॅमेरा. पुढे निर्मिती संस्था चालवत इतरांचे सिनेमे काढले. जगभर पांगलेल्या आपल्या गोतावळ्यावरचा ‘इराकी ओडिसी’ पूर्ण झाला तेव्हा साठीला आले होते. लंडनला राहणारे इराकी दिग्दर्शक कासिम आबिद मॉस्कोत कॅमेरा शिकलेले. सद्दामची सत्ता पडल्यावर ते बगदादला घरी गेले आणि भावंडांच्या संसाराचं काही वर्षं चित्रीकरण करत राहिले. शिवाय दिग्दर्शिका मेसून पाचाची यांच्याबरोबर २००४ मध्ये त्यांनी बगदादला फिल्म शिकवणारी संस्था काढली, तीही विनामूल्य. बाहेर बॉम्ब फुटत असताना आत पोरं एडिटिंग शिकत होती.

म्हणून माझं म्हणणं, तिने ‘दिग्दर्शन’ या शब्दाच्या मागे न लागता एडिटिंग किंवा ध्वनी शिकावं. या दोन कामांना मुंबई-पुण्यात गिऱ्हाईक आहे, आणि डॉक्युमेंट्री खरं तर एडिटिंगच्या टेबलावरच जन्मते. पदवीनंतर पुण्याच्या एफटीआयआयची (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटची) प्रवेश परीक्षा देता येते. जागा मोजक्या, एका झटक्यात मिळेलच असं नाही. मुंबईच्या टिसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) माध्यम आणि संस्कृती अभ्यासाचं एम.ए. आहे, त्यात डॉक्युमेंट्री करावीच लागते. दिल्लीला जामिया मिलिया विद्यापीठाचं जनसंवाद केंद्रही जुनं आणि चांगलं. मधल्या काळात गावातल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे एडिटिंगला बसली तरी मला आनंद होईल. सहा तासांच्या वऱ्हाडाचे वीस मिनिटं करताना जे कळतं ते वर्गात कळायला वर्ष जातं. बी.एड.ला माझा विरोध नाही. पण ‘तोवर डोक्यातलं खूळ जाईल’ म्हणून घालणार असाल तर दोन वर्षंही जातील आणि खूळही राहील.

आता यजमानांचं. खरं तर तुमच्या पत्रात मला हेच जास्त महत्त्वाचं वाटलं. लेकीला एक फरक समजावा. फाहदेल किंवा समीर यांचा देशच हातातून निसटला. तुमचे यजमान परक्या मुलखातून आपल्या घरी आले. त्या साली अम्मानहून मुंबईला दोन महिने विमानं येत होती, लाखाहून जास्त माणसं आली. सुखरूप आला, बस्स, म्हणून कुणी त्यांना पुढचं विचारलंच नसेल. आणि आज अचानक पोरगी मोबाइल रोखून विचारते, तर माणूस उठून जाणारच! पप्पा म्हणजे तिला लागणारा माल नव्हे. ते नको म्हणाले तर सिनेमा नाही, हे तिने आधीच मान्य करायला हवं.

घरात ट्रंक असेल. जुना पासपोर्ट, त्यावरचे शिक्के, संयुक्त राष्ट्रांच्या नुकसानभरपाईसाठी भरलेल्या अर्जाची प्रत. कित्येक घरांत ती अजून आहे. ‘तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारण्यापेक्षा ‘ही पेटी कुठून घेतली?’ हे विचारलेलं बरं. वस्तूवर माणूस बोलतो.

आणि तो सिनेमा एकदा घरी लावा, पहिला भाग तरी. बगदाद त्यांनी पाहिलंय, भले बसच्या खिडकीतून का असेना. रस्ता, पूल, खजुराची झाडं दिसली की कदाचित आपणहून म्हणतील, ‘इथून गेलो होतो आम्ही.’ त्या वेळी लेकीचा मोबाइल मात्र दुसऱ्या खोलीत असू द्या.