शेजारशेजारच्या सेन्सरांनी एकमेकांना थेट डेटा द्यावा आणि बॅटरी वर्षभर टिकावी, तर ईएसपी-नाऊ घ्यावं की ब्लूटूथ?

ईएसपी-३२ ही वाय-फायची चिप हाताशी असेल तर ईएसपी-नाऊ, म्हणजे राउटरशिवाय चिपकडून चिपला थेट पाठवण्याची तिची पद्धत. पण हा वाद घालणारे बहुतेक जण बॅटरी खरंच कोण खातंय ते मोजतच नाहीत.

दर ५ मिनिटांनी जाग म्हणजे दिवसाला २८८ खेपा. राउटरला जोडून पाठवलं तर खेपेला साधारण ३ सेकंद, १२० मिलिअँपिअर. दिवसाला २९ एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीतला साठा याच मापात मोजतात). ईएसपी-नाऊला जोडणीच नाही. बूट धरून ०.३ सेकंद, ८० मिलिअँपिअर धरा, २ एमएएचच्या आत भागतं. झकास! आता तयार बोर्डावरचा एएमएस-१११७ रेग्युलेटर (बॅटरीचं व्होल्टेज चिपला हव्या त्या ३.३ वर आणणारा भाग) बघा: काही न करता ५ मिलिअँपिअरच्या आसपास पितो, म्हणजे दिवसाला १२० एमएएच. चिप झोपलेली, आणि पहारेकरी जेवतोय. २५०० एमएएचचा सेल तीन आठवड्यांत आडवा, आणि शिव्या प्रोटोकॉलला. शिवाय त्याला इनपुट आउटपुटपेक्षा व्होल्टभर जास्त लागतं, त्यामुळे लिथियम सेलवर तो ३.३ व्होल्ट धड देतही नाही.

तो काढा, एचटी-७८३३ हा कमी पिणारा रेग्युलेटर लावा. एमसीपी-१७०० हा रेग्युलेटर नको: त्याची मर्यादा २५० मिलिअँपिअर, रेडिओ सुरू होताना झटका त्यापुढे जातो आणि बोर्ड रीसेट होत राहतो. चिपजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या, पॉवरचा एलईडी उपटा. झोपेतला करंट मोजताना मीटर मायक्रोअँपिअर रेंजवर असेल तर जाग येताच व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होतो. तो दोष मीटरचा.

मेश (एकमेकांमार्फत डेटा पोचवणारं सेन्सरांचं जाळं) सुचवणाऱ्यांशी माझं कधीच जमलं नाही. दुसऱ्याचा डेटा पुढे ढकलायचा तर कान सतत उघडे हवेत, आणि ऐकण्याचा खर्च ९० मिलिअँपिअरच्या घरात. वरचा सेल जेमतेम दिवसभर पुरेल. ऐकणारा नोड, म्हणजे डेटा घेणारा बोर्ड, भिंतीच्या प्लगवरच हवा.

तो राउटरलाही जोडलेला असेल तर राउटरचं चॅनल १, ६ किंवा ११ वर पक्कं करा. ‘ऑटो’वर ठेवलं की एके दिवशी चॅनल बदलतं, सेन्सर जुन्याच चॅनलवर पाठवत राहतात आणि तुमच्या लेखी सगळे गप्प होतात.

हां, बटण सेलवर चालवायचं असेल तर वरचं विसरा. सीआर-२०३२ला ईएसपी-३२चा झटका झेपत नाही. तिथे एनआरएफ-५२ ही ब्लूटूथची चिप आणि ब्लूटूथ अ‍ॅडव्हर्टायझिंग (जोडणी न करता सगळ्यांना ऐकवलेला छोटा संदेश): ३१ बाइटांत तापमान, आर्द्रता, बॅटरी आरामात बसतं. पोच मात्र मिळत नाही, म्हणून अनुक्रमांक घाला आणि प्रत्येक रीडिंग तीन-चारदा पाठवा.