जुवावरचा भार

प्रश्न : काका, मुलींची शाळा सुटली की जूनमध्ये आम्ही फ्रिस्कोहून डेन्व्हरला राहायला जाणार आहोत. मूव्हर्सचा भाव ऐकून छाती दडपली, म्हणून चौदा फुटी, दोन ॲक्सलचा बंद ट्रेलर सेकंडहँड घेतला. आमची पिकअप हाफ-टन, म्हणजे हलक्या वर्गातली आहे. ती विकणारा म्हणाला होता, ‘अकरा हजार पौंड आरामात ओढेल.’ रिकामा ट्रेलर 2,200 पौंडांचा, सामान साधारण 4,000 पौंडांचं होईल. गाडीत आम्ही दोघं, दोन मुली आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. परवा निम्मं सामान भरून हायवेवर फेरी मारली, तर साठच्या पुढे ट्रेलर शेपूट हलवायला लागला. पुस्तकांची खोकी, पाटा-वरवंटा आणि संगमरवरी देव्हारा मागच्या दाराशी ठेवलाय, म्हणजे पोचल्यावर देव आधी उतरवता येतील. पिकअपची ताकद कमी पडतेय का? वाटेतल्या रॅटन घाटाचीही धास्ती वाटते.
– एक वाचक, फ्रिस्को, टेक्सस

उत्तर : ताकद कमी पडत नाहीये. तुमची गाडी उलाळ झालीय.

हा शब्द माझ्या आजोबांचा. शिरोळ तालुक्यात आमची बैलगाडी होती. पोती भरताना मागे जास्त झाली की गाडी उलाळायची, म्हणजे जू वर उचललं जायचं आणि बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळायचे. पुढे जास्त झाली की जू मानेवर बसायचं आणि बैल चार पावलांत घामाघूम. आजोबा दर दोन पोत्यांनी खाली उतरून जू हाताने उचलून बघत आणि मग पुढचं पोतं कुठे टाकायचं ते सांगत. अमेरिकेत येऊन मला अडतीस वर्षं झाली. इथले लोक जुवावरच्या भाराला टंग वेट म्हणतात, बाकी प्रकरण तेच.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार पिकअपच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्यावर यायला हवा. त्याहून कमी आला की ट्रेलर डोलतो, आणि वेग वाढेल तसा जास्त डोलतो. म्हणून जड सामान आधी, ट्रेलरच्या चाकांच्या थोडं पुढे आणि जमिनीलगत. ढोबळ हिशोब असा की साठ टक्के वजन चाकांच्या पुढे, चाळीस मागे. देव्हारा आणि पाटा मागून काढा. देव डेन्व्हरला शेवटी उतरले तर रागावणार नाहीत. गाद्या, उशा, प्लास्टिकच्या खुर्च्या दाराशी. आणि सगळं पट्ट्यांनी बांधा, नाहीतर पहिल्याच जोरदार ब्रेकला तुमची वाटणी बिघडेल.

आता ते अकरा हजार. विकणारा खोटं बोलला नसेल, पण तो आकडा तुमच्या कामाचा नाही. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक पिवळी-पांढरी चिठ्ठी असते, तीवर माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती पौंड चालतील ते छापलेलं असतं. माझ्या हाफ-टनवर 1,520 आहे. तुमचा आकडा वेगळा असेल, पण हिशोब माझ्यावर करून दाखवतो. भरलेला ट्रेलर 6,200, त्याचे तेरा टक्के म्हणजे 800 पौंड हिचवर. हे 800 पिकअपच्या पाठीवर असतात, हे बहुतेक जण विसरतात. पाच माणसं मिळून 600. हिचचा लोखंडी सांगाडा 100. मागच्या हौद्यात ‘एवढंसं’ म्हणून टाकलेलं सामान 200. झाले 1,700! ट्रेलर अकरा हजारांच्या जवळपासही नाही आणि पिकअप केव्हाच जादा भरली.

माझं ऐकाल तर हौदा रिकामा ठेवा आणि सासूबाईंना एका नातीबरोबर विमानाने पाठवा. डॅलस-डेन्व्हर दोन तासांचं उड्डाण आहे. आठशे मैल दोन दिवस मागच्या सीटवर बसून त्यांच्या गुडघ्यांचं काय होईल, याचाही विचार करा. हिचच्या रिसीव्हरवर (पिकअपखालची चौकोनी खोबण, जिच्यात हिच बसतो) आणखी एक चिठ्ठी असते, तिच्यावर बहुधा दोन आकडे असतात : साधा बॉल लावला तर किती आणि वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावला तर किती. तुमच्या वजनाला दुसरा लागणार, असं मी धरून चालतो. तो मागचा भार थोडा पुढच्या चाकांवर ढकलतो, नाहीतर पिकअपचं नाक वर होऊन स्टिअरिंग हलकं पडतं.

अंदाजावर राहू नका. ट्रकस्टॉपवर वजनकाटा असतो, पंधरा-वीस डॉलरांत पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं हातात येतात. एकदा ट्रेलर जोडून आणि एकदा सोडून तोला. पिकअपच्या दोन ॲक्सलची बेरीज जितकी वाढली तितकं टंग वेट. ट्रेलर जोडलेला असताना वेट डिस्ट्रिब्यूशनचे दांडे सोडून ठेवा, नाहीतर आकडा चुकेल. (ऊसवाल्याच्या पोराला काटा म्हटलं की शंका येते, पण हा काटा मारत नाही.)

टायर. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण 2011 च्या जुलैत न्यू मेक्सिकोत क्लेटनच्या पुढे माझा फुटला. नक्षी नव्यासारखी होती. पण बाजूवर ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे होते 0403, म्हणजे 2003 सालचा चौथा आठवडा. आठ वर्षं तो टायर कुणाच्या तरी परसात उन्हात उभा होता. मी जॅक घेतला होता, पण पिकअपचा, ट्रेलरखाली बसेना. समोर कापुलिन ज्वालामुखीचा शंकू दिसत होता आणि आमच्या हिने तो अडीच तास डोळे भरून पाहिला. सेकंडहँड ट्रेलर म्हणजे आधी हे चार आकडे वाचा. पाच-सहा वर्षांपेक्षा जुने असतील तर चारही बदला, स्टेपनीसकट. नवी चाकं बसवल्यावर पन्नास मैलांनी नट पुन्हा आवळा. ट्रेलरच्या पुष्कळ टायरांची मर्यादा ताशी 65 मैल असते, टेक्ससची पाटी 75 म्हणत असली तरी. 60–62 वर चला. पेट्रोल निम्म्या मैलांत संपेल, ते गृहीत धरा.

ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक असतील, तर पिकअपमध्ये ते चालवणारा ब्रेक कंट्रोलर हवाच. पुन्हा कधी शेपूट हललं, तर पिकअपचा ब्रेक दाबू नका आणि वेगही वाढवू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, कंट्रोलरची कळ हाताने सरकवून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. मागून कुणीतरी ओढून धरल्यासारखं तो सरळ होतो.

रस्ता : 287 ने अमारिलो, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी डॅलहार्ट, क्लेटन, रॅटन, मग आय-25. रॅटन घाट 7,834 फुटांवर आहे, पण बोरघाटासारखी वळणं डोळ्यांपुढे आणू नका. रस्ता ऐसपैस आहे, आणि तेच फसवं, घाट आहे असं वाटतच नाही. चढताना इंजिन ओरडेल, ओरडू द्या, उजवी लेन धरा. उतार सुरू व्हायच्या आधीच, माथ्यावर, टो-हॉल मोड (ओझं ओढताना लावायची गिअरची सेटिंग) आणि खालचा गिअर. ट्रिनिडादपर्यंत ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापून निकामी होतात. दाबा, वेग खाली आणा, सोडा. खरी धास्ती त्यापुढच्या वॉल्सनबर्गच्या वाऱ्याची बाळगा. बंद ट्रेलर म्हणजे शीडच, आणि तिथे उंच गाड्या अडवण्याची वेळही येते. निघण्याआधी वाऱ्याचा अंदाज बघा, जोर असेल तर एक दिवस थांबा.

प्रश्न : ट्रेलर मागे घेताना दरवेळी नवरा-बायकोत भांडण होतं. उपाय?
– एक वाचक, नेपरव्हिल, इलिनॉय

उत्तर : हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं, त्या बाजूला तो हात सरकवा. थोडासाच. दुमडायला लागला की पुढे येऊन सरळ करा आणि परत सुरू करा, हट्ट नको. भांडणाचं मूळ ‘डावीकडे, उजवीकडे’ यात आहे : कुणाची डावी? त्याऐवजी ‘ड्रायव्हरची बाजू’ आणि ‘शेजारच्या सीटची बाजू’ म्हणा, आणि ओरडण्यापेक्षा फोन लावून बोला. सांगणारा आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबलीच पाहिजे. आमच्याकडे चालवते ही, मी खाली उभा राहतो. ती माझ्यापेक्षा बरी घेते.