फुटलेला थर्मामीटर, पिवळं पडलेलं पोटॅशिअम आणि कपाटातले दगड

शाळेतली रसायनं आणि खनिजं या विषयावर वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: ‘हे वापरावं की टाकून द्यावं?’ दोन्हींची घाई नको. प्रयोग धोक्याचा ठरतो तो बहुतेक वेळा रसायनाच्या नावामुळे नाही. किती घेतलं, किती तीव्र घेतलं आणि बाटली किती वर्षं तशीच पडून होती, यावर ते ठरतं. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आठवीच्या तासाला पाऱ्याचा थर्मामीटर फरशीवर पडून फुटला. शिपायांनी झाडूने पारा गोळा केला आणि केराच्या टोपलीत टाकला. एवढ्यावर भागलं का? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : नाही. झाडूने पारा गोळा होत नाही, फुटतो. एका मण्याचे शंभर होतात, पृष्ठभाग वाढतो आणि वाफही त्या प्रमाणात वाढते. या वाफेला रंग नाही, वास नाही, त्यामुळे खोलीत ती आहे हे कुणाला कळतही नाही. झाडूच्या काड्यांत अडकलेला पारा पुढे महिनाभर वर्गावर्गांतून फिरतो. तो झाडू आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधा. केराची टोपली अजून रिकामी झाली नसेल तर तीही बाजूला काढा.

पुढच्या वेळेसाठी क्रम असा. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, पंखा बंद करा. बाहेर जाताना मुलांच्या चपला-बुटांचे तळ पाहा. अंगठ्या आणि बांगड्या काढून ठेवा, कारण पारा सोन्यात मुरतो आणि डाग कायमचा राहतो. रबरी हातमोजे घाला. जुन्या लग्नपत्रिकेचे दोन जाड तुकडे घेऊन मणी कडेकडून मधे ढकला, म्हणजे ते एकमेकांत मिसळून मोठा थेंब होईल. तो ड्रॉपरने उचलून घट्ट झाकणाच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका आणि वर बोटभर पाणी घाला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड असल्याने तळाशी बसतो आणि पाण्यामुळे वाफ अडते. मग खोलीत अंधार करून टॉर्च जमिनीलगत तिरका धरा. राहिलेले बारीक मणी चमकतात. ते चिकटपट्टीवर उचला.

फरशीच्या फटींत गेलेल्या पाऱ्यावर गंधकाची पूड टाकायची पद्धत आहे. टाका, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. गंधक आणि पाऱ्याची अभिक्रिया थंड्या फरशीवर सावकाश होते आणि मण्याच्या वरच्या थरापुरतीच राहते. आधी जमेल तेवढा पारा उचला, गंधक त्यानंतर. व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नको, तो गरम हवेबरोबर वाफ खोलीभर फेकतो. बेसिनमध्ये ओतलेला पारा वाहून जात नाही, खालच्या वाकड्या नळीत बसून राहतो.

गोळा केलेला पारा कुठे द्यायचा? महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे घातक कचऱ्याची सामाईक केंद्रं आहेत. एका शाळेच्या चमचाभर पाऱ्यासाठी गाडी येणार नाही. तालुक्यातल्या शाळांनी मिळून यादी करून मुख्याध्यापकांमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला पत्र द्यावं. तोवर बाटलीवर ‘पारा, घातक’ असं लिहून ती कुलपात ठेवा. नवे थर्मामीटर लाल द्रवाचे किंवा डिजिटल घ्या. शाळेतल्या प्रयोगांना ते पुरतात.

प्रश्न : सोडिअमच्या बाटलीतलं रॉकेल उडून गेलंय आणि तुकड्यांवर पांढरट थर आलाय. शेजारी पोटॅशिअमची बाटली आहे, त्यातला तुकडा पिवळा-नारिंगी झालाय. दोन्हींवर रॉकेल ओतून ठेवू का? (प्रयोगशाळा परिचर, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : सोडिअमवर ओता. त्यावरचा पांढरट थर ऑक्साइड, हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेटचा आहे. कापताना तो तासून टाकला की आत चकचकीत धातू मिळतो. तासलेल्या सालींतही धातू असतो, त्या ओल्या बेसिनमध्ये टाकू नका.

पोटॅशिअमला मात्र हात लावू नका. पिवळा-नारिंगी थर सुपरऑक्साइडचा, म्हणजे जास्तीचा ऑक्सिजन असलेल्या ऑक्साइडचा असतो. सुरीच्या दाबाखाली हा थर, आतला धातू आणि रॉकेल एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. रॉकेलखाली ठेवलेल्या पोटॅशिअमवरही हा थर चढतो. ती बाटली उघडू नका, हलवू नका. कपाटाला कुलूप लावून वर चिठ्ठी लावा, मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागातल्या अनुभवी माणसाला बोलवा. शालेय प्रयोगांसाठी पोटॅशिअमची गरजच नाही, पुन्हा मागवू नका.

सोडिअमचं प्रात्यक्षिक शिक्षकांनीच करावं, आणि तुकडा मुगाच्या दाण्याएवढाच घ्यावा. एवढ्या दाण्यातून साधारण १५ मिलिलिटर हायड्रोजन निघतो. २३ ग्रॅम सोडिअम घेतलं तर तो सुमारे १२ लिटर होईल. तुकडा चिमट्याने धरून गाळणकागदावर टिपा, म्हणजे रॉकेल जाईल. रुंद टब अर्धा पाण्याने भरा, फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्लारीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) चार थेंब टाका आणि पुढे काचेचा किंवा ॲक्रिलिकचा आडोसा ठेवा. तुकडा पाण्यावर पळत राहतो, त्यामुळे उष्णता पसरते. पाण्यावर गाळणकागद तरंगता ठेवून त्यावर सोडिअम ठेवलं तर तो जागीच तापतो आणि पेटतो. हे मुलांना फार आवडतं, पण नेमका त्याच वेळी वितळलेला गोळा उडतो. परीक्षानळीत किंवा गरम पाण्यात हा प्रयोग कधीच करू नये.

उरलेले बारीक कण कोरड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये एकेक करून सोडा. भांडं उघडं असावं आणि जवळपास ज्योत नसावी. बुडबुडे पूर्ण थांबल्यावरच पाणी मिसळा. पेटलंच तर कोरडी वाळू टाका. पाणीही नको आणि कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडंही नको.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी अमोनिअम डायक्रोमेटचा ज्वालामुखी करायचाय. नारिंगी पूड पेटवली की हिरवी राख उसळते. परवानगी द्यावी का? (विज्ञान शिक्षक, नांदेड)

उत्तर : देऊ नका. उसळणारी हिरवी राख क्रोमिअम ऑक्साइडची असते आणि ती त्या मानाने निरुपद्रवी आहे. पण तिच्याबरोबर न जळलेली नारिंगी पूडही हवेत उडते. त्यातलं सहा संयुजेचं क्रोमिअम श्वासातून गेलं तर कर्करोगकारक आहे. प्रदर्शनात तीस-चाळीस मुलं टेबलाभोवती वाकून उभी असतात, दर अर्ध्या तासाने तोच खेळ होतो आणि राख हातांनी झटकली जाते.

उसळणारं काहीतरी हवंच असेल तर औषधाच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असेल तर ते ६ टक्क्यांच्या आसपास असतं. त्याचा अर्थ एक मिलिलिटरमधून २० मिलिलिटर ऑक्सिजन, हा हिशोब मुलांकडून करून घ्या. अरुंद तोंडाच्या बाटलीत ५० मिलिलिटर पेरॉक्साइड आणि चमचाभर भांडी घासायचं द्रव घाला. एक चमचा यीस्ट तीन चमचे कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवून ते एकदम ओता. जवळजवळ एक लिटर ऑक्सिजन फेसातून बाहेर येतो. पाणी कोमटच असावं, उकळत्या पाण्यात यीस्टमधलं विकर निकामी होतं आणि काहीच घडत नाही. यूट्यूबवर दिसणारा छतापर्यंतचा फवारा ३० टक्के पेरॉक्साइडचा असतो. ते कातडीला लागताच पांढरे चट्टे उठतात. त्याच्या नादी लागू नका.

प्रश्न : लेड नायट्रेट तापवण्याच्या प्रयोगात मुलं खोकायला लागतात. दोन ग्रॅमच घेतो, तरीही. (शिक्षिका, ठाणे)

उत्तर : दोन ग्रॅममधून सुमारे २९० मिलिलिटर नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. दहा गटांनी एकाच वेळी केला तर जवळजवळ तीन लिटर. या वायूचा त्रास कधी कधी काही तासांनी वाढतो. मूल घरी गेल्यावर धाप लागू शकते, म्हणून खोकला आलेल्या मुलाच्या घरी कळवणं आवश्यक आहे. गटांना हा प्रयोग देऊच नका. एकदाच, शिक्षकांनी, खिडकीजवळ, हरभऱ्याच्या डाळीएवढं लेड नायट्रेट घेऊन करावा. तांबडा-तपकिरी रंग तेवढ्यातही स्पष्ट दिसतो, मागे पांढरा कागद धरा. तळाला राहिलेलं लेड ऑक्साइड वितळून काचेत मुरतं. ती परीक्षानळी घासत बसू नका, पुढच्या वर्षीसाठी तीच ठेवा.

गटांसाठी अपघटनाचा प्रयोग हवा असेल तर कॉपर कार्बोनेट घ्या. हिरवी पूड काळी होते आणि बाहेर पडणारा वायू चुन्याची निवळी दुधाळ करतो. हिराकस (फेरस सल्फेट) तापवण्यापेक्षा हे बरं, तिथे सल्फर डायऑक्साइडमुळे पुन्हा खोकलाच येतो.

लेड नायट्रेट आणि पोटॅशिअम आयोडाइडचा पिवळा अवक्षेप मात्र थेंबांवर करता येतो. जुन्या सीडीच्या पारदर्शक डबीवर दोन्हींचे तीन-तीन थेंब पुरतात. हे सगळं पुसून बेसिनमध्ये सोडू नका. एका बरणीत जमा करा, वर्षअखेर त्यात धुण्याचा सोडा घाला आणि शिसं कार्बोनेट म्हणून खाली बसू द्या. वरचं पाणी काढून गाळ वाळवला की मूठभर उरतो. तो पाऱ्याच्या बाटलीशेजारी ठेवा.

प्रश्न : ‘पाण्यात आम्ल’ हे पाठ आहे, पण किती? आणि सल्फ्युरिक आम्ल करताना चंचुपात्र तडकलं, ते का? (परिचर, कोल्हापूर)

उत्तर : एक लिटर, साधारण एक मोलर द्रावणासाठी संहत सल्फ्युरिक आम्ल ५५ मिलिलिटर, संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ८७ मिलिलिटर. आधी ७०० मिलिलिटर थंड पाणी घ्या, आम्ल काचेच्या कांडीवरून बारीक धारेने सोडा, ढवळत राहा आणि थंड झाल्यावर लिटर पुरं करा. सल्फ्युरिक आम्ल पाण्याच्या १.८४ पट जड असतं. पाणी वरून ओतलं तर ते आम्लावर तरंगतं, सगळी उष्णता दोन थरांच्या सीमेवर तयार होते, पाणी तिथेच उकळतं आणि आम्ल घेऊन उडतं.

चंचुपात्र तडकलं ते बहुधा साध्या काचेचं असावं. बोरोसिलिकेट घ्या आणि ते थंड पाण्याच्या परातीत ठेवा. मोजपात्रात किंवा जाड काचेच्या बाटलीत थेट मिसळू नका. डोळ्याला गॉगल हवा, नंबरच्या चष्म्याला बाजूंनी आडोसा नसतो. डोळ्यात उडालं तर लगेच नळाखाली, पापण्या उघड्या धरून, किमान १५ मिनिटं, आणि मग दवाखाना. डोळ्यात सोड्याचं पाणी घालू नये.

प्रश्न : कपाटातल्या सगळ्या बाटल्यांवर पांढरी पावडर का बसते? (विद्यार्थी, लातूर)

उत्तर : नवसागर. अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल शेजारी ठेवलेत. दोन्हींची वाफ झाकणातून निसटते आणि हवेत एकत्र येते. कपाटं वेगळी करा. आणखी एक: बाटल्या अक्षरक्रमाने लावू नका. पोटॅशिअम परमँगनेटसारखा ऑक्सिडक आणि रॉकेलात ठेवलेलं पोटॅशिअम त्या क्रमात शेजारी येतात. मे महिन्यात अमोनियाची बाटली उघडण्याआधी अर्धा तास थंड पाण्यात ठेवा, नाहीतर झाकण फिरवताच फवारा तोंडावर येतो.

प्रश्न : शाळेत जुना खनिजसंग्रह आहे: गॅलेना, पायराइट, हिंगूळ, तंतूंचा एक दगड, शिवाय मुलांनी खाणीतून आणलेले झिओलाइट. मुलांच्या हातात द्यायचे का? (भूगोल शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : झिओलाइट खुशाल द्या. ही बेसाल्ट या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत वाढणारी स्फटिकं असतात. दख्खनच्या बेसाल्टमधले स्टिल्बाइट, अपोफिलाइट (याला झिओलाइटचा पाहुणा म्हणा, तो त्या कुळातला नाही) हाताळायला सुरक्षित आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट मिळालं तर ते मात्र काचेखाली ठेवा. धोक्यापेक्षा किमतीसाठी. बेसाल्ट हातोडीने फोडताना गॉगल लागतोच, कपची सरळ डोळ्याकडे येते.

गॅलेना शिशाचा सल्फाइड आहे. हातात घेऊन वजन अनुभवू द्या, मग साबणाने हात धुवा. कस (पुडीचा रंग) पाहायला घासून त्याची पूड करू नका. हिंगूळ पाऱ्याचा सल्फाइड. तो बंद काचेच्या डबीत ठेवा आणि कधीही तापवू नका. तंतू सुटत असलेला दगड ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो पाण्याने भिजवून दोन पिशव्यांत बंद करा आणि वर्गात उघडू नका. बर्नरवरच्या जुन्या तारेच्या जाळीचा मधला पांढरा भाग भुसभुशीत होऊन सुटत असेल तर तिलाही हाच नियम लावा. नव्या जाळ्यांचा पांढरा भाग कडक सिरॅमिकचा असतो.

आम्लाची चाचणी फक्त कॅल्साइट आणि चुनखडीवर करा. विरल आम्लाचे दोन थेंब पुरतात. स्फॅलेराइटसारख्या सल्फाइडवर तेच थेंब टाकले तर कुजलेल्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड असतो, आणि थोड्या वेळाने नाकाला त्याचा वासच येईनासा होतो.

पायराइटचा, म्हणजे लोखंडाच्या सल्फाइडचा, त्रास कोकणात वेगळाच. दमट हवेत तो ऑक्सिडीकृत होऊन त्यावर हिराकस आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. नमुन्यावर पांढरट-पिवळी बुरशीसारखी पूड दिसली आणि खालच्या पुठ्ठ्याला भोक पडलं असेल तर तेच कारण. पूड कोरड्या ब्रशने झटका, नमुना घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा आणि नावाची चिठ्ठी बरणीच्या बाहेर लावा.